पाणी वाढलंय

माझी सासू आवडाबाई, जिला आम्ही सगळे आय म्हणायचो, तिनं उभ्या जन्मात 'फुटलं' हा शब्द तोंडातून काढला नाही. बांगडी तिच्या हातात वाढायची. नारळ वाढायचा. सखारामने पीसीओचं शटर खाली ओढलं की त्यानं दुकान वाढवलं. आता एवढं सगळ्याच घरांत बोलतात, मीही बोलते. पण आयचं त्याच्या पुढचं. तिचं मडकं वाढायचं, आरसा वाढायचा, धाकूच्या सायकलची ट्यूबसुद्धा वाढायची. गाडीत बसल्यावर आमचं दिवा स्टेशन मागे पडलं तर 'दिवा गेला' म्हणायची सोय नव्हती. ती म्हणायची, "दिवा राह्यला मागं." मी नवी नवरी असताना पदराआड हसायचे. माझं माहेर शहाडचं, वडील मिलमध्ये, मी नववीपर्यंत शिकलेली. मला वाटायचं, म्हातारीला शब्दांनी झपाटलंय.

आमचं गाव खाडीच्या काठाला. एका अंगाला दिवा, दुसऱ्या अंगाला डोंबिवली. सगळी कोळ्यांची घरं. पूर्वी खाडीत मासळी होती म्हणतात. मी आले तोवर कंपन्यांचं पाणी उतरायला लागलेलं आणि जाळ्यात मासळीपेक्षा फेस जास्त यायचा. माझा नवरा मोरू होडी सोडून रंगाच्या कंपनीत लागला. दिवसपाळी करून घरी यायचा तेव्हा त्याचे हात कधी गुलाबी, कधी हिरवे. धाकटा दीर धाकू मात्र हट्टानं खाडीतच उतरायचा. गावात नळाला पाणी नव्हतं, टँकरवर भांडणं व्हायची, पण सखारामच्या दुकानात फोन आला होता. सरकारला आमची तहान कळली नाही, आम्हाला बोलायचंय एवढं मात्र कळलं.

माझी दोन पोरं पोटातच गेली. पहिलं पाचव्यात, दुसरं सहाव्यात. आयनं मला कधी शब्दानं टोचलं नाही, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. शेजारणी 'पडलं का गो?' विचारायच्या तेव्हा ती त्यांच्या अंगावर जायची. म्हणायची, "पावना आलता, दारानं फिरला. परत येल." आणि मला मांडीवर घेऊन डोक्याला तेल चोळायची. माझ्या स्वतःच्या आईनं एवढं केलं नाही.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर भेटले. ठाण्याचे, डॉ. श्रीपाद ओक. एका ट्रस्टतर्फे महिन्यातून एका रविवारी शाळेच्या खोलीत येऊन गावातल्या पोटुशींना तपासायचे. नाव ओक आणि काम आमचं! माझी धाकटी जाऊ शेवंती तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली. ती म्हणायची, "वहिनी, सकाळी उठल्याबरोबर डॉक्टरांची आठवण येते का गो?" आम्ही पोट धरून हसायचो. तेव्हा घरात हसू होतं.

डॉक्टरांनी मला ठाण्याला नेऊन पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि सांगितलं, आता बाळंतपणापर्यंत खाट सोडायची नाही. रिक्षा नको, गाडी नको, हापशावर जायचं नाही. मग तपासायचं कसं? तर त्यांनी फोनची टूम काढली. म्हणाले, "दुपारी जेवण झालं की मी फोनपाशी बसतो. हातानं तपासणं महिन्यातून एकदा. मधल्या दिवसांत घरातल्या कोणीतरी सखारामच्या दुकानातून बोलायचं, मी ऐकतो. काय होतंय ते नीट सांगितलंत तर अर्धा आजार मला इथून दिसतो." शाळेत बायकांना असंही म्हणाले की पुढे असा दिवस येईल, डॉक्टर तारेवरूनच बाईला बघेल. त्यावर शेजारची गोदूबाई म्हणाली, "मग लुगडा सावरून बोलाला पायजे गो," आणि सगळी शाळा हसली.

पण त्याच गोदूबाईच्या सुनेच्या अंगावरून लाल जायला लागलं तेव्हा फोनवरूनच डॉक्टरांनी सांगितलं, उशी पायाखाली द्या, खायला काही देऊ नका, तसंच घेऊन या. ती वाचली आणि मुलगीही वाचली. त्या दिवसापासून गावातल्या बायका त्या काळ्या रिसीव्हरला देवासारखं मानायला लागल्या. काहीजणी आत जाताना चप्पल बाहेर काढायच्या.

शेवटच्या रविवारी डॉक्टरांनी घरी येऊन माझं पोट चाचपलं. दिवस भरायला अजून अवकाश होता. म्हणाले, "बाळ छान आहे. बाळाभोवती पाणी जरा जास्त वाटतंय, लक्ष ठेवू. आणि एक नीट ऐका. मधेच पाणमोट फुटली तर घरात बसून राहायचं नाही. आत टाका आहे, विष पसरेल. लगेच फोन करा आणि निघा." आय तिथंच उभी होती. तिनं 'फुटली' ऐकलं आणि कानाला हात लावले. म्हणाली, "शुभ बोला हो डाक्टर." ते हसले. मीही हसले.

बाळ हलायचं. याआधीची दोन एवढी कधी हलली नव्हती. मी खाटेवर पडल्या पडल्या त्याच्याशी गप्पा मारायचे. मोरू कामावरून आला की रंगलेले हात आधी घासघासून धुवायचा आणि मगच पोटावर ठेवायचा. मला तेवढं एक पोर हवं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

आणि एका सकाळी मोरू कामावर, धाकू खाडीत, मी कुशीवर वळले आणि खालचं अंथरूण भिजलं. आधी वाटलं लघवी झाली. मग कळलं. मी आयला हाक मारली. तिनं पातळ वर करून पाहिलं आणि तिचं तोंड पांढरं पडलं. पण बोलली एवढंच, "वाढली गो बाय. भिऊ नको."

"आय, फोन कर. त्यांना सांग पाणी गेलं म्हणून. आणि रिक्षा बोलाव."

"तू गप निज. मना ठावं हाय काय बोलाचा ते."

शेवंतीला पाठवलं असतं तर? असं मी नंतर हजारदा म्हटलं. पण शेवंती नवीन सून, परपुरुषाशी असल्या गोष्टी ती कुठली बोलणार? ते काम थोरल्या बाईचं. शेवंती माझ्याजवळ बसली आणि आय तशीच अनवाणी सखारामकडे गेली.

डॉक्टर ऑपरेशनला होते. आय दुकानाच्या पायरीवर त्यांची वाट बघत बसून राहिली. जेवणवेळ टळून गेल्यावर परतली ती हसतच. म्हणाली, "भ्याचा काम नाय. डाक्टर बोल्ला, निजून राव्हाचा, मीठ कमी खावाचा, हलाचा नाय. रविवारी येऊन बघतंय."

मला पटेना. "अगं, ते तर म्हणाले होते घरात बसायचं नाही."

"तवा बोल्ला आसंल. आता फोनवर बोल्ला ता खरा. मोठा डाक्टर हाय, इचार करूनच बोल्ला आसंल ना?"

"तू सगळं सांगितलंस ना?"

"सगला सांगला. त्यानं दोनदा इचारला, मी दोनदा सांगला."

आता यावर काय बोलणार? ज्याचं काम त्यालाच ठाऊक. गोदूबाईची सून त्याच फोननं वाचलेली. ठाण्याचा मोठा डॉक्टर तिकडून 'थांब' म्हणतोय आणि मी नववी शिकलेली इकडून 'चला' म्हणू? मोरू संध्याकाळी आला, त्यानंही तेच विचारलं, तेच उत्तर मिळालं, आणि त्याचाही जीव भांड्यात पडला. आय रात्रभर माझ्याखालचे कपडे बदलत होती, धूत होती, देवाला हात जोडत होती. बाळ अजून हलत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला हुडहुडी भरली. अंगाला वास येऊ लागला. बाळाचं हलणं कधी थांबलं ते मला सांगता येत नाही, कारण तापात मला काहीच कळत नव्हतं. त्या दिवशी घरीच राहिलेल्या मोरूनं कोणाला विचारलं नाही, फोन केला नाही, मला उचलून रिक्षात घातलं.

मुलगा होता. मेलेला. विष सगळीकडे पसरलं होतं, म्हणून पिशवीही काढावी लागली. मला हे सगळं शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं. त्यांच्या बोलण्यात राग होता. म्हणाले, "दीड दिवस पाणी जातंय आणि तुम्ही घरात बसून राहिलात? मी काय सांगितलं होतं मंजुळाबाई?"

मी म्हटलं, "फोन केला होता की. तुम्हीच म्हणालात निजून राहा."

"फोन आला होता. आजी म्हणाल्या, पाणी वाढलंय. पाणी जास्त होतंच, मला ते माहीत होतं. मी विचारलं, वाढलंय म्हणता? त्या म्हणाल्या, हो, सकाळीच वाढ..."

इथं ते थांबले. मराठी माणूस तो. पुढचं कोणाला सांगायची गरज नव्हती. त्यांनी चष्मा काढला आणि खाटेच्या कडेवर बसले. म्हणाले, "माझी आईसुद्धा म्हणते. बांगडी वाढली."

मला दोघांचाही संताप आला. सकाळीच वाढलंय! पोटातलं पाणी म्हणजे काय खाडीची भरती आहे, सकाळी चढायला? एवढं शिकलेल्या माणसाला तिथं ठेच लागायला नको? आणि आय! सगळा जन्म शब्द गाळून गाळून बोलली, आणि ज्या एका वेळी घाण शब्दानंच पोर वाचणार होतं त्या वेळीसुद्धा तिला सोवळं सुटलं नाही. मला ओरडायचं होतं. पण पोटाला टाके होते, ओरडताही येईना.

दाराच्या फटीतून ती दिसत होती. पेजेचा डबा मांडीवर घेऊन जमिनीवर बसलेली. डॉक्टर म्हणाले, "त्यांना मी सांगू का?"

मी म्हटलं, "नको. कोणीच सांगायचं नाही."

का म्हटलं तसं? ती माझी सासू आहे म्हणून नाही. पोराच्या नावानं 'फुटलं' म्हणायला नको, एवढ्यासाठी तर तिनं तो शब्द गिळला. तिनं त्याच्यावर पांघरूण घातलं आणि तो त्याखाली गुदमरला. हे तिला कळलं असतं तर तिनं खाडी जवळ केली असती, असं मला वाटलं.

खरं कोणी सांगितलं नाही, म्हणून मग तिनं फोनला दोषी धरलं. कोणावर तरी राग काढायलाच हवा होता. घरोघर जाऊन सांगायची, "माझे नातवाला त्या तारेनं खाल्ला. तो डाक्टर तिकडं गादीवर बसून बोलतंय, त्याला इथला काय दिसतंय?" बायकांनी ऐकलं. ज्या चपला काढून आत जायच्या, त्या सखारामच्या दुकानावरून जाताना तोंड फिरवू लागल्या. दुपारी डॉक्टरांना फोन जाईनासा झाला. शाळेच्या खोलीतही रविवारी रांग राहिली नाही. मी गप्प बसले. मोरूलाही सांगितलं नाही. तो आता घरी आल्यावर हात धुवायचा नाही, तसाच जेवायला बसायचा.

पुढच्या वर्षी शेवंतीला दिवस गेले. आयनं तिला जपलं. मला शेवंतीचा हेवा वाटला हे कशाला लपवू? पण ती मला बहिणीसारखी होती. नववा लागला आणि तिचे पाय सुजले. मग हात. मग एके दिवशी भाकरी थापताना म्हणाली, "वहिनी, डोळ्यापुढं काजवे चमकतात गो. डोकं फुटतंय."

आय तिथंच होती. म्हणाली, "आसा बोलू नको. डोका दुखतंय बोल."

मी म्हटलं, "आय, फोन करूया. आत्ताच्या आत्ता."

"त्या डब्याचा नाव काढू नको माझे दारान."

मला काय झालं कोण जाणे. शेवंतीला आत निजवलं, आयला हाताला धरून पडवीत आणलं आणि सगळं सांगितलं. तू काय बोललीस, त्यांनी काय ऐकलं, त्यांना काय वाटलं. पाणी वाढलंय म्हणजे पोटात जास्त झालंय, असं त्यांना वाटलं. फोननं नाही खाल्लं, आय.

ती रडेल असं मला वाटलं होतं. पाय धरेल, छाती बडवेल. तसं काही झालं नाही. ती आत गेली, चुलीवरचं उतू जाणारं पाणी उतरवून परत आली. मग म्हणाली, "मंग मी काय बोलाला पायजे होता? फुटली बोलू? जित्या पोरावर? माझे तोंडानं?"

"हो."

"नाय." तिनं मान हलवली. "आजपन नाय बोलनार. जीभ वलनार नाय माझी." आणि मग माझ्या गालाला हात लावून, अगदी मायेनं, ती म्हणाली, "तू बोल. शेवंतीचा फोन तू कर. तुला आता कशाचा भ्याव? तुझा तं सगला जाऊन बसलाय."

तिनं ते टोचायला म्हटलं नव्हतं. त्या हातात तीच माया होती जी तेल चोळताना असायची. म्हणूनच ते असं आत गेलं की आजही निघालेलं नाही.

मी सखारामकडे गेले. काचेचं दार लावलं, नंबर फिरवला आणि डॉक्टरांना एकेक शब्द नागडा करून सांगितला. डोकं फुटतंय. डोळ्यापुढं काजवे. तोंड सुजून मडक्यासारखं झालंय. लघवी होत नाही. डॉक्टर म्हणाले, "झटके आले तर दोघंही मरतील, मंजुळाबाई." मी म्हटलं, "हो, मरतील. सांगा काय करू." त्यांनी सांगितलं तसं धाकूनं तिला ठाण्याला नेलं. शेवंती वाचली. मुलगा झाला, रडका, काळा, सुंदर.

त्यानंतर सगळ्या गावात तीच रीत पडली. कोणाला काही झालं की मला बोलावणं येतं. सासवा म्हणतात, "मंजुळेला सांगा. तिचे तोंडाला काय लागत नाय." बायका माझ्या कानात काय ते सांगतात, तेही आडून आडून, आणि मी काचेच्या दाराआड जाऊन त्याचं खरं करते. पोटात मेलं. पाणमोट फुटली. रक्ताच्या गाठी पडल्या. हे शब्द माझ्याकडून कोणाला लागत नाहीत, कारण लागायला माझ्यामागे कोणी नाही. आय मला वाटेला लावताना अंगारा लावत नाही. शेवंतीला लावते.

परवा परशुरामच्या सुनेची ओटी भरायची होती. गल्लीत पंगत, हिरव्या बांगड्या, गजरे. मी आपली घरात मासळी साफ करत बसले होते. मला बोलावत नाहीत आणि मी जात नाही, त्यात नवीन काही नाही. तेवढ्यात परशुरामची बायको मागच्या दारानं आली. पदराला हात पुसत म्हणाली, "मंजुळाबाय, सुनेला कालधरनं बरा नाय. ओटी होऊ दे, मंग फोनला येशील का गो? पुढच्या दारानं नको येऊ हां, बायका बसल्यात."

मी हात धुतले आणि गेले. मागच्या दारानं. सून साडी-गजऱ्यासकट आतल्या खोलीत निजली होती, अंग तापलेलं. तिनं मला बघितलं आणि पोटावर पदर ओढला. मी तिच्या सासूकडून सगळं विचारून घेतलं आणि सखारामच्या दुकानात गेले.

डॉक्टर आता थकल्यासारखे बोलतात. म्हणाले, "मंजुळाबाई का? बरं झालं. तुम्ही फोनवर असलात की मला धीर येतो. तुम्ही काही झाकून ठेवत नाही."

मी म्हटलं, "झाकून ठेवण्यासारखं माझ्याकडे काय राहिलंय, डॉक्टर?"

मग परशुरामच्या सुनेला कालपासून बरं नाही, एवढं सांगितलं. त्यांनी विचारलं, "सुनेला ताप आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "आणि पोर कालपासून हललेलं नाही."